पुण्याच्या कॉलेजासाठी नदीकाठची पट्टी विकू नका

तीर्थस्वरूप आई-बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

दादाचा काल फोन आला होता. मलप्रभेकाठची पट्टी विकण्याची बोलणी बाबांनी सुरू केली आहेत आणि त्या पैशांतून मला पुण्याच्या मोठ्या कॉलेजात घालायचे तुम्ही ठरवत आहात, असे तो म्हणाला. फोनवर बाबांना नीट ऐकू येत नाही आणि आईचा कंठ दाटून येतो, तेव्हा सविस्तर लिहिलेलेच बरे. वहिनीकडून सावकाश वाचून घ्या आणि तोवर तरी कोणाकडून इसार घेऊ नका.

सीमाभागातील ८६५ गावांच्या मराठी मुलांसाठी महाराष्ट्रातील अभियांत्रिकी प्रवेशात वेगळी तरतूद आहे, असे बाबा नेहमी सांगतात आणि ते खरेच आहे. डिप्लोमा झाल्या झाल्या गेले असते तर तिचा उपयोगही झाला असता. पण तेव्हा मी बेळगावच्या उद्यमबागेत पॅनेल वायरिंगच्या कामाला लागले, पुढे डिप्लोमा सीईटी देऊन चिकोडी भागातल्या या कॉलेजात थेट दुसऱ्या वर्षाला बसले, आणि आता तिसरे वर्ष निम्मे सरले आहे. या टप्प्यावर पुण्याला जायचे म्हणजे विद्यापीठच बदलायचे. झालेल्या विषयांचा तिकडच्या अभ्यासक्रमाशी मेळ बसला नाही, तर जमीनही जाईल आणि वर्षही.

आडगावचे कॉलेज म्हणजे दुय्यम शिक्षण, ही समजूत पाहुण्यांनी तुमच्या डोक्यात घातली आहे. आमचे कॉलेज विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाशी संलग्न आहे. १९९८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे मुख्यालय आपल्या बेळगावातच आहे, आणि स्वायत्त कॉलेजे सोडली तर बेंगळुरूच्या मुलापुढे जी प्रश्नपत्रिका येते तीच त्याच दिवशी माझ्यापुढे येते. ज्यांचे नाव विद्यापीठाला दिले आहे ते विश्वेश्वरय्या मूळचे मुद्देनहळ्ळीचे, अभियांत्रिकी शिकले मात्र पुण्यात, आणि खडकवासल्याच्या धरणाला आपोआप उघडणारे दरवाजे त्यांनीच बसवले. तेव्हा पुण्याबद्दल मला आकस नाही. फक्त आपली पट्टी देऊन घ्यावे असे तिथे माझ्यासाठी आता काही उरलेले नाही.

इथे काय मिळते ते एका उदाहरणावरून सांगते. आमच्या विद्युत शाखेत मुले कमी असल्यामुळे प्रयोगशाळेत एका मोटारीभोवती तीन-चार जणच असतो आणि प्रत्येकाला स्वतःच्या हाताने जोडणी करावी लागते. मागच्या महिन्यात सरांनी थ्री फेज मोटार भारावर चालू ठेवून तिचा एक फेज काढला. मोटार थांबली नाही. फक्त तिचा आवाज घोगरा झाला आणि उरलेल्या दोन फेजवरच्या, प्रवाह मोजणाऱ्या अ‍ॅमीटरचे काटे जवळजवळ पावणेदोन पटीवर गेले. काही क्षणांत, प्रवाह जास्त झाला की वीज तोडणारा रिले पडला आणि मोटार वाचली. त्यानंतर सरांनी विचारले, ‘हा रिलेच कोणी काढून ठेवला असता तर?’ बाबा, नदीवरची आपली मोटार वरचेवर का जळते ते मला तिथे उभ्या उभ्या कळले. सारखा ट्रिप होतो म्हणून वायरमनने स्टार्टरमधला रिले बाजूला काढून थेट जोडणी करून दिली होती, ते आठवते ना? दहा अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाला आपल्याकडे विजेचे बिल येत नाही, म्हणून वीज फुकट असे आपण समजतो आणि वाइंडिंगवाल्याला दर खेपेस पैसे मोजतो.

शेजारच्या हुक्केरी तालुक्यात १९६९ पासून ग्रामीण विद्युत सहकारी संघ वीज पुरवतो. साखर कारखान्यासारखी विजेचीही सहकारी संस्था असते, हे मला इथे येईपर्यंत ठाऊक नव्हते. शेतीपंपांचा भार, लांबच लांब लाइन आणि टोकाला पडणारे व्होल्टेज हा माझ्या प्रकल्पाचा विषय आहे, आणि त्यासाठी याहून योग्य मुलूख कुठला मिळणार?

उणिवाही आहेत, त्या लपवत नाही. मोठ्या कंपन्या मुलाखतींना इथवर येत नाहीत. मुलांना स्वतःच बेंगळुरू किंवा पुणे गाठावे लागते. एकेका सरांकडे दोन-दोन विषय आहेत. संध्याकाळी ग्रंथालय लवकर बंद होते, त्याची चिडचिड होते. पण हत्तरगीला विमानांचे सुटे भाग बनतात, बेळगावात फौंड्री आहेत, वीज कंपन्यांच्या जागा निघतात. त्या भरतीत कन्नडची परीक्षा असते, आणि खोलीवरच्या दोघी कन्नड असल्यामुळे माझे लिहिणे-वाचणे आता बऱ्यापैकी झाले आहे. बाबांना हे फारसे रुचणार नाही, हे मी जाणते. १९५६ साली आपला भाग महाराष्ट्राबाहेर राहिल्याचे दुखणे मी तुमच्याच तोंडून ऐकत वाढले आहे. पण मराठी माझ्याकडून सुटलेली नाही, आणि पोटासाठी दुसरी भाषा शिकल्याने ती सुटणारही नाही.

आई, तुझी काळजी वेगळी आहे. जेवण बरे असते, भाकरी रोज मिळते, भातच काय तो आपल्याकडच्यासारखा नसतो. वर्गातली मुले वयाने लहान, मला अक्का म्हणतात आणि अडले की वही घेऊन येतात. जून २०२३ पासून शक्ती योजनेमुळे बायकांना सरकारी बसचे तिकीट पडत नाही, म्हणून मनात आले की बेळगावला गाडी बदलून मी खानापुरात उतरू शकते. पुण्याहून हे जमले असते का?

रविवारी येते आहे. पट्टीचा उतारा दादाकडे देऊन ठेवा आणि पाहुण्यांना स्पष्ट नकार कळवा. मोटारीसाठी सिंगल फेजिंगचा, म्हणजे एक फेज गेला की मोटार बंद करणारा रिले मी बेळगावहून आणते. तो मीच बसवीन, वायरमनला बोलावू नका. आईने गुडघ्याच्या गोळ्या संपल्या असतील तर पाकीट जपून ठेवावे, म्हणजे त्याच आणता येतील.

तुमची धाकटी