ओ काकू, त्या चार तासांच्या झोपेबद्दल

काकू, तुमचं आडनावसुद्धा मला नीट माहीत नाही, मोबाईलमधे ‘डायलिसिस काकू’ एवढंच सेव्ह आहे, पण आज लिहायचंच ठरवलं.

ह्यांच्या किडन्या थकल्या आणि डायलिसिस, म्हणजे मशीनवर रक्त साफ करून घेणं, सुरू झालं ते मार्चमधे, म्हणजे सोलापूरचा उन्हाळा तोंडावर. आठवड्यातनं ३ दिवस, ४-४ तास मशीनवर, आणि पाणी दिवसाला १ लिटरच, कारण जास्तीचं अंगातच साठतं, त्यातच चहा, आमटी, गोळ्या गिळायचं पाणी सगळं आलं. बाहेर ४२ डिग्री आणि घरात मी पहारेकरी. एकदा पहाटे माठाचं झाकण वाजलं, बघते तर हे अंधारात तांब्या तोंडाला लावून उभे. मी हिसकावला, निम्मं पाणी बनियनवर सांडलं. ते काहीच बोलले नाहीत ओ, तेच जास्त लागलं.

त्या दिवशी वजन साडेतीन किलो जास्त भरलं, मशीनवर पायात गोळे आले, त्यांचं कण्हणं बाहेरपर्यंत ऐकू येत होतं आणि मी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडत होते. तुम्ही आलात, म्हणालात, “का रडायलीस गं? पाणी पिला का नवरा? मी तर फ्रिजला कुलूप लावलेलं, तर आमच्यांनी देवापुढच्या कलशातलं पिलं!” महिन्याभरात पहिल्यांदा हसले मी.

मग बाटलीची युक्ती सांगितलीत. सकाळी लिटरची बाटली भरून त्यांच्याच हातात द्यायची, कपभर चहा पिले की तेवढं बाटलीतनं कमी करायचं. हिशोब त्यांचा, तू पोलीस होऊ नको म्हणालात. आणि भेटायला येणारा प्रत्येकजण शहाळं घेऊन यायचा, त्यात पोटॅशियम असतं, ह्यांना चालत नाही हे चुलत सासऱ्यांना तोंडावर तुम्हीच सांगितलंत, माझी काय टाप होती!

पण खरे आभार त्या गुरुवारचे. “दोघांकडं मी बघते, तू घरकडं जा, झोप.” मी साडी पण न बदलता आडवी झाले ती तुमच्या फोननंच उठले, “सुया काढल्या, कापूस दाबून बसलेत तुझे, निवांत ये.”

तर आता ह्या गुरुवारी तुम्ही घरी जायचं, आढेवेढे नकोत. आल्यावर जिन्यातच बसू, कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणते, ह्या दोघांना वास लागू द्यायचा नाही एवढं बघू.