बाबांची फिटची गोळी

पुणे, रविवार

ती. आई आणि बाबांना सा. न.

फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी ‘बघू’ म्हणून फोन आईकडे दिला असता, म्हणून लिहितेय. बाबांची फिटची गोळी बदलायची, हे डॉक्टरांशी बोलून मी ठरवून टाकलंय. तुम्हाला न विचारता ठरवलं, हे चुकलंच. पण रागवायच्या आधी कागद शेवटपर्यंत वाचा.

जुन्या गोळीला, फेनिटॉइनला, मी नावं ठेवत नाही. 1938 पासून फिटवर तिचा उपयोग माहीत आहे, आणि दापोलीच्या त्या रात्रीनंतर तिनं बाबांना एकदाही फिट येऊ दिली नाही. प्रश्न वयाचा आहे. रिपोर्टवर रक्तातल्या औषधाची लेव्हल 14 आली म्हणून बाबा खूश आहेत, 10 ते 20 या योग्य पट्ट्याच्या बरोबर मधोमध. पण त्याच कागदावर खाली अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं एक प्रथिन, 2.8 आहे, कमी. हे औषध रक्तात 90 टक्के अल्ब्युमिनला चिकटून फिरतं, मेंदूवर काम करतं ते उरलेलं, सुटं. अल्ब्युमिन कमी झालं की सुट्याचा वाटा वाढतो. बाबा, बँकेतला हिशेब अजून हातात आहे ना? अल्ब्युमिनला 0.2 ने गुणा, 0.1 मिळवा, आणि 14 ला त्यानं भागा. 21 येतं, म्हणजे खरी लेव्हल 20 च्या वर. दिवाळीत जिना उतरताना तुमचा हात कठडा सोडत नव्हता, तो गुडघ्यामुळे नव्हे, या जास्तीच्या औषधामुळे.

‘मग अर्धी गोळी कमी करू’ असं आई म्हणेल. ही गोळी न्हाणीघरातल्या मोरीसारखी आहे गं. मोरी ओढते तोवर ठीक. त्यावर एक तांब्या जास्त झाला की पाणी थेट उंबऱ्यापर्यंत. लिव्हरचं तसंच होतं. डोस थोडा हलला की लेव्हल भलतीकडे जाते, वरही आणि खालीही. शिवाय ती ड जीवनसत्त्व लवकर संपवते, हाडं ठिसूळ होतात. बाबा पडले आणि खुबा मोडला तर, हे मला लिहवतही नाही.

नवीन गोळी लेव्हेटिरासिटाम. ती अल्ब्युमिनला जवळजवळ चिकटतच नाही, आणि बहुतेक किडनीवाटे जाते. म्हणून किडनीचा हिशेबही केला: वय 74, वजन 62, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) 1.3, म्हणजे क्लिअरन्स, किडनीचा रक्त गाळण्याचा वेग, 44 च्या आसपास. क्लिअरन्स 30 ते 50 मध्ये असेल तर एका वेळी 250 ते 750 मिलिग्रॅम चालते. आपण 500 वर थांबणार. जुलाब-उलट्या झाल्या तर मात्र क्रिएटिनिन लगेच तपासायचं.

आता आई, फ्रिजवर चिकटव. पहिले दोन आठवडे नवी 250, सकाळी 8 ला आणि रात्री 8 ला. जुन्या गोळ्या जशाच्या तशा, सकाळी 100, रात्री 200. तिसऱ्या आठवड्यापासून नवी 500-500. पाचव्यापासून जुनी दर दोन आठवड्यांनी 50 नं कमी. एकदम बंद करायची नाही, एकामागून एक फिट येऊन थांबेनाशी होते. गोळी कडू आहे, चावू नका. चहाबरोबर घ्या, जेवणाआधी की नंतर यानं फरक पडत नाही. राहिली तर आठवताच घ्या, पण पुढच्या वेळेला दोन एकत्र नाहीत. आणि एकादशीला गोळी चालत नाही असं कुठल्याही पोथीत नाही, बाबा! भजनाचं जागरणही या तीन महिन्यांत नको. झोप मोडली की फिटला वाट मिळते.

या गोळीनं कुणाकुणाची चिडचिड वाढते, मन खट्टू होतं. बाबा मुळातच चिडतात, त्यामुळे आई, नेहमीपेक्षा जास्त वाटलं तर मला सांग, मनावर घेऊ नकोस. जुनी गोळी निघाली की आणखी एक होईल: ती लिव्हरला घाई करायला लावून बीपीची अम्लोडिपिन लवकर संपवायची. ती घाई दोन-तीन आठवड्यांत ओसरेल आणि बीपी उतरू शकेल. रोज सकाळी मोजा, उभं राहूनही. वरचा आकडा 110 च्या खाली गेला की मला फोन.

फिट आलीच तर कांदा नको, चप्पल नको, तोंडात चमचा तर अजिबात नको. डाव्या कुशीवर वळव, चष्मा काढ, घड्याळ बघ. पाच मिनिटं झाली की फिट थांबवणारा मिडाझोलमचा नाकातला स्प्रे, चिठ्ठीत लिहिलेत तेवढेच फवारे, निम्मे एका नाकपुडीत, निम्मे दुसऱ्या, आणि 108 ला फोन. स्प्रे देवघराच्या खणात ठेव, तिथे तुझा हात अंधारातही जातो.

सकाळ-रात्रीचे खण असलेला डबा कुरिअरनं येतोय. आधीचे सगळे स्टीलचे डबे बाबांच्या टेबलावरून उचल, त्यांना विचारू नकोस. तुमची चहाची किटली मात्र तिथेच राहील, बाबा.

तुमची,
चिमी