त्या फाउलबद्दल

पुणे
रविवार, रात्री उशिरा

प्रिय पक्या,

पत्र बघून दचकू नकोस, पैसे मागत नाहीये. उलट माझ्याकडूनच निघतात, हे आज संध्याकाळी कळलं.

आपल्या जुन्या पूल पार्लरमध्ये सहज डोकावलो होतो. दोन पोरं एट-बॉल, म्हणजे आपला नेहमीचा पूल, खेळत होती. एक पट्टेवाला आणि काळा एकमेकांना चिकटलेले, आणि खेळणाऱ्याला पांढऱ्याने पट्टेवालाच आधी लावायचा होता, काळा आधी लागला तर फाउल. दुसरा मला म्हणाला, "काका, जरा बघता का, आधी काय लागतं ते?" काका! असो. गुडघे कुरकुरत वाकलो, डोळे फाडून बघितलं. टक् असा एकच आवाज. आधी काय लागलं, देव जाणे.

मोबाइलवर स्लो मोशनही घेतलं होतं. सेकंदाला 240 फ्रेम, म्हणजे दोन फ्रेममध्ये साधारण 4 मिलिसेकंदांचं अंतर. पांढरा सेकंदाला 2 मीटर वेगाने आला तर तेवढ्यात 8 मिलिमीटर पुढे जातो, आणि आमचा वाद मिलिमीटरच्याही आतला! एका फ्रेममध्ये पांढरा अजून पोचलेला नाही, पुढच्या फ्रेममध्ये दोन्ही बॉल सुटलेले.

तेव्हा तिथलाच एक चष्मेवाला पोरगा म्हणाला, "लागताना बघूच नका, लागल्यावर बघा." घरी येऊन कागदावर बाण काढून पडताळलं, पोरगा बरोबर होता. चिकटलेल्या दोन बॉलच्या ऐन मधोमध पांढरा फिरकीशिवाय आला आणि खरोखर एकाच क्षणी दोघांना भिडला, तर दोघं सारख्याच वेगाने फुटतात आणि पांढरा सरळ मागे येतो. पण डावा केसभर आधी लागला तर तो पांढऱ्याच्या वेगाच्या 87 टक्के वेगाने सुटतो, उजव्याच्या वाट्याला 43 टक्केच. म्हणजे निम्मा! आणि पांढरा निसटतो तो उजव्याच्या, म्हणजे नंतर लागलेल्याच्या अंगाला. पांढरा मधोमध न येता एका बाजूने आला तर हे आकडे बदलतात, मग नुसत्या वेगावर जाऊन चालत नाही.

हे ऐकतानाच तुझा तो शॉट आठवला. तुझा पट्टेवाला समोरच्या कुशनवर आपटून अर्ध्या टेबलापर्यंत परत आला होता. काळा जेमतेम वीतभर हलला. आणि पांढरा काळ्याच्या बाजूला घरंगळला. मी मात्र "दोन्ही एकदम लागले, फाउल!" म्हणून बोंबललो, बॉल इन हँड घेतला, म्हणजे पांढरा हवा तिथे ठेवून खेळलो, आणि गेम मारला. तू चिडून क्यू स्टँडला लावलास ते अजून दिसतंय.

आणि गंमत बघ, दोन्ही खरंच एकदम लागले असते तरी ते फाउल नव्हतं. पूलच्या जागतिक नियमांत स्पष्ट आहे: आधी कुठला लागला ते ठरवता येत नसेल, तर योग्य बॉलच आधी लागला असं धरायचं. माझ्या डोक्यात स्नूकर होतं. तिथे लाल खेळताना लाल आणि निळा एकदम लागले की फाउल, समोरच्याला 5 पॉइंट. दोन लाल एकदम लागले तर मात्र चालतं. क्लबातल्या म्हाताऱ्यांकडून शिकलेलं ते सगळं मी बेधडक पूलच्या टेबलावर आणलं, वर आवाजही माझाच मोठा. बिलियर्ड्सवाले त्यातल्या त्यात सुखी, त्यांना कॅननसाठी, म्हणजे एकाच फटक्यात आपला बॉल बाकी दोघांना लावण्यासाठी, दोन्ही बॉल लागल्याशी मतलब. इन-ऑफ झाला, म्हणजे आपला बॉल लागून पॉकेटात गेला, तरच आधी लाल की दुसरा, हा प्रश्न येतो, आणि दोन्ही एकदम लागले तर 3 ऐवजी 2 पॉइंट.

आजच्या पोरांचं काय झालं विचारशील. पट्टेवाला जोरात सुटला होता, म्हणून मी शॉट बरोबर ठरवला. समोरच्याने तोंड वाकडं केलं, अगदी तुझ्यासारखं.

तर त्या दिवशीच्या दोन मिसळी आणि टेबलाचं भाडं माझ्याकडे बाकी. दिवाळीत आलास की चुकतं करतो, ब्रेकही तूच कर. फक्त त्याआधीच्या गेममध्ये तुझा पांढरा पॉकेटात गेला होता, ते फाउलच होतं. त्यावर मी आजही ठाम आहे.

तुझाच,
बोंबल्या