मोटिव्हेशनपेक्षा रोजचा सराव बरा

हल्ली पोरांना मानसिक कणखर करायचं म्हणून शाळा-कॉलेजात मोटिव्हेशनल स्पीकर आणतात, दोन तास टाळ्या वाजतात आणि दुसऱ्या दिवशी सगळे परत मोबाईलमध्ये. त्यापेक्षा आपल्या कोल्हापूरच्या नेमबाज स्वप्निल कुसाळेचं उदाहरण द्या की. 2023 मध्ये झालेल्या एशियन गेम्समध्ये हा गडी पदकाच्या शर्यतीत पुढे होता आणि शेवटी शेवटी एकच शॉट 10.9 पैकी 7.6 चा गेला, थेट चौथा नंबर. एखादा कोलमडूनच गेला असता. हा परत रेंजवर. पुढच्याच वर्षी पॅरिस ऑलिम्पिकला 50 मीटर रायफल थ्री पोझिशनच्या (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून नेम धरायचा) फायनलमध्ये सुरुवातीला मागे होता, तरी घाई नाही, स्कोअरबोर्डकडे बघायचं नाही, श्वास सांभाळायचा आणि पुढचा शॉट मारायचा, 451.4 गुण आणि ब्राँझ! हे काय त्या दिवशी सुचत नसतं हो, रोज तेच तेच कंटाळवाणं करत राहिल्यावर हात आपोआप ऐकतो (आणि त्याचं हे सगळं रेल्वेची नोकरी सांभाळून).

सगळ्यांनी नेमबाज व्हावं असं कुठे म्हणतोय मी, ठरलेल्या वेळी उठणं, मूड नसला तरी अर्धा तास पळणं, एवढं जमलं तरी नापास झाल्यावर किंवा इंटरव्ह्यूत नकार आल्यावर माणूस लवकर सावरतो. डिप्रेशनसारखा आजार असेल तर मात्र डॉक्टरच, तिथे शिस्तीचे डोस पाजू नयेत. शाळांना एकच विनंती, पीटीचा तास गणिताच्या सरांना देणं आधी बंद करा.

- एक पालक, कोल्हापूर