फुगे फुगवले म्हणून कर्मचारी टिकत नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मानसिक आरोग्य केंद्रांतील कर्मचाऱ्यांचे मनोबल वाढवण्यासाठी झालेल्या कार्यशाळेचे वृत्त कालच्या अंकात वाचले. फुगे फुगवणारे समुपदेशक आणि त्यांच्या मागे मान्यवरांची रांग, असे छायाचित्र आपण ठळकपणे छापलेत, त्याबद्दल आभार. मात्र हे कर्मचारी नोकरी का सोडतात, असे कोणी कोणाला विचारल्याचे त्या वृत्तात दिसले नाही. आमच्यासारख्या घरांना ते उत्तर तोंडपाठ आहे.

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. बाह्यरुग्ण विभागातल्या गर्दीत त्याला बसवत नाही, म्हणून एका केंद्राच्या समाजसेविका लालबागला आमच्या चाळीत येत असत. आल्या आल्या औषधाचा विषय त्या कधीच काढत नसत. गॅलरीत त्याच्याबरोबर कॅरमचा एक डाव होई आणि मग महिन्याच्या इंजेक्शनसाठी तो आपण होऊन त्यांच्याबरोबर निघे. त्यांचा करार अकरा महिन्यांचा, पगार महिनोन् महिने रखडलेला, घरभेटींचे बसभाडे आणि फोनचा खर्च पदरचा. अखेर त्यांनी एका खासगी कंपनीत समुपदेशकाची नोकरी धरली आणि त्याबद्दल त्यांना बोल लावण्याइतकी मी कृतघ्न नाही. त्यांच्या जागी आलेल्या तरुणाच्या हाती जुन्या नोंदी कोणी दिल्या नसाव्यात, कारण त्याने उंबऱ्यातच कोरा अर्ज काढून ‘आजार केव्हापासून?’ असे भावाच्या देखत मला विचारले. भाऊ आतल्या खोलीत गेला तो बाहेर आलाच नाही. पुढे तो तरुणही गेला, बराच काळ कोणी फिरकले नाही, इंजेक्शने चुकली आणि शेवटी भावाला पोलिसांच्या मदतीने वॉर्डात न्यावे लागले. चाळीच्या तिन्ही मजल्यांनी ते पाहिले.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून आहे. २०१७ च्या कायद्याने मानसिक उपचार हा प्रत्येकाचा हक्क ठरवला, ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ ही हेल्पलाइनही सुरू आहे, आणि हे सारे चांगलेच आहे. परंतु २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात उपचारांची जी तफावत (गरज असूनही उपचार न मिळणाऱ्यांचे प्रमाण) विकारांनुसार ७० ते ९२ टक्के आढळली, ती माणसांवाचून भरून निघणार नाही. आणि या कामात माणूस बदलला की रुग्णाच्या लेखी उपचारच बदलतो. हाताखालच्या रुग्णाने आत्महत्या केली, तर दुसऱ्या दिवशी त्याविषयी बोलायला एखादा अनुभवी वरिष्ठ या तरुण मुलामुलींना मिळतो का? पगार वेळेवर झाला, प्रवासभत्ता मिळाला आणि पदे कायम झाली, तर फुगे ते स्वखर्चाने आणतील. जाणाऱ्याने येणाऱ्याला निदान एकदा घरोघर सोबत नेऊन ओळख करून द्यावी, एवढा नियम करायला तर पैसेही लागत नाहीत.

आणखी एक. औषध खिडकीवर ‘साठा संपला, बाहेरून घ्या’ हे वाक्य अलीकडे वारंवार ऐकू येते. बाहेर महिन्याच्या गोळ्यांचा खर्च ज्यांना झेपत नाही, ते नातेवाईक खिडकीतल्या परिचारिकेवर ओरडतात. खरेदी लांबवणारा अधिकारी त्यांच्या समोर नसतोच. तिचे मनोबल कोणत्या कार्यशाळेत वाढणार आहे?

आपल्या प्रतिनिधीने पुढच्या वेळी मुंबईतल्या या केंद्रांत मंजूर पदे किती, भरलेली किती आणि भरलेल्यांपैकी कायम किती, एवढे विचारून ते आकडे छापावेत, ही विनंती. मान्यवरांचे छायाचित्र त्याखाली थोडे लहान आले तरी वाचकांची तक्रार असणार नाही.

आपली,
एका रुग्णाची बहीण,
लालबाग, मुंबई