पावसात उगाच अलार्म, खऱ्या चिरेला मात्र हिरवा दिवा: ब्लेड मॉनिटरिंग सिस्टीमबद्दल तक्रार

नमस्कार साहेब,

चाळकेवाडी पठारावरच्या आमच्या पवनचक्कीच्या तिन्ही पात्यांवर पात्यातली चीर, बिघाड ओळखणारी तुमची सेन्सर सिस्टीम उन्हाळ्यात बसवली. कस्टमर केअरला मेल केला की "तिकीट रेज केलंय" आणि पुढच्या आठवड्यात "तिकीट क्लोज", मधे काहीच नाही. म्हणून सविस्तर लिहितोय, हे टेक्निकलवाल्यांकडे जाऊ द्या, सेल्सकडे नको.

जून लागला, धुकं उतरलं की तुमचा डॅशबोर्ड लाल, दोन नंबरचं पातं क्रिटिकल, आणि सेटिंग असं करून ठेवलंय की अलार्म आला की मशीन आपोआप ट्रिप, म्हणजे बंद. साताऱ्याकडे खरा वारा जून ते सप्टेंबर, वर्षाची कमाई त्यातच, आणि नेमकं तेव्हा आमचं मशीन उभं! माणूस वर पाठवून बघितलं तर पातं ठणठणीत, आणि ऊन पडलं की अलार्म पण गायब. फायबरची चीर उन्हात भरून येते का हो?

तुमच्या इंजिनियरने बेसलाइन, म्हणजे चांगल्या पात्याचं तुलनेसाठीचं रीडिंग, घेतली मे मधल्या एका कोरड्या दुपारी, तीही एकदाच. ते फायबर ब्रॅग सेन्सर म्हणजे ताण मोजणारे काचेच्या तंतूचे सेन्सर, त्यांच्या प्रकाशाची तरंगलांबी ताणाने पण सरकते आणि तापमानाने पण, एका डिग्रीला साधारण 10 पिकोमीटर, म्हणजे सॉफ्टवेअरला 8 मायक्रोस्ट्रेनच्या (लांबीत दहा लाखात 8 भाग बदल) आसपास ताण आल्यासारखं वाटतं. मे ची दुपार आणि पावसातली रात्र यात 15 डिग्रीचा फरक धरला तरी 120 मायक्रोस्ट्रेन नुसत्या गारठ्याचे झाले. हे वजा करायला ताण न येणारा वेगळा तापमान सेन्सर लागतो, तो आमच्या पात्यात कुठेय? पात्यातून लहरी पाठवून तपासणाऱ्या पिझो सेन्सरचं पण तेच, तापमान बदललं की लहरींचा वेग बदलतो आणि मे च्या सिग्नलशी जुळत नाही म्हणून तुमचं सॉफ्टवेअर त्याला डॅमेज म्हणतं.

हे एकवेळ सहन केलं असतं. पण दोरीवरून उतरणाऱ्या टीमला तीन नंबरच्या पात्याच्या मागच्या कडेला, टोकाकडे, दोन शेल चिकटवलेला जोड सुटलेला सापडला, ठोकलं तर आवाज बद्द. तेव्हा डॅशबोर्ड हिरवागार. का, तर सगळे सेन्सर मुळाशी, आणि एवढ्या लांबच्या छोट्या चिरेने तिथला ताण काही हलत नाही. विकताना मात्र "पूर्ण पातं कव्हर" म्हणालात, आता विचारलं तर चिरेचा आवाज पकडणारे सेन्सर एक्स्ट्रा ऑप्शन आहेत म्हणे.

तर साहेब, तापमान सेन्सर बसवून वेगवेगळ्या हवामानात नव्याने बेसलाइन घ्या, टोकाकडचे सेन्सर तुमच्या खर्चाने लावा आणि कच्चा डेटा आम्हाला द्या, तो आमच्याच पात्यांचा आहे. तोपर्यंत ऑटो ट्रिप बंद ठेवा, अलार्म नुसता मेसेजवर येऊ दे. जमत नसेल तर सिस्टीम काढून न्या आणि पैसे परत करा. एएमसीचं (वार्षिक देखभाल कराराचं) बिल पाठवलंय ते यातलं एक तरी होईपर्यंत भरणार नाही.

आपला,
एक पवनचक्कीवाला, जि. सातारा