लायब्ररीतल्या मॅडमना, त्या न उघडलेल्या मेलबद्दल

मॅडम, नमस्कार.

समोर आभार मानायला आलो की तुम्ही "अरे त्यात काय एवढं" म्हणत पुस्तकांची ट्रॉली ढकलत निघून जाता, म्हणून शेवटी लिहूनच टाकतोय. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण प्रबंध अर्धवट ठेवून रोज "उद्यापासून नक्की" म्हणणारे माझ्यासारखे खूप आहेत, त्यांना तुमच्यासारखं कोणी भेटलं नसेल तर निदान तुम्ही काय केलंत ते तरी कळू दे. कालच व्हायवा, म्हणजे प्रबंधाची तोंडी परीक्षा, झाला. अजून धडधड गेलेली नाही, त्यामुळे वाक्यं इकडेतिकडे गेली तर सांभाळून घ्या.

आधी थोडा राग बाहेर काढतो, त्याशिवाय पुढचं लिहिता येणार नाही.

माझं काम रखडलं तेव्हा बहुतेकांकडे एकच औषध होतं, टोचून बोलायचं. "तुझ्यात कुवत आहे रे, फक्त मनावर घे." आता मनावर घ्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं हे एकानेही सांगितलं नाही. वेळेच्या नियोजनावर एक वर्कशॉप झालं, तिथले वक्ते माईकवर ओरडून सांगत होते की यशस्वी माणसं कारणं देत नाहीत. बाहेर पडताना अंगात जोर आल्यासारखं वाटलं आणि संध्याकाळपर्यंत सगळा ओसरला, वर अपराधीपणा दुप्पट, कारण एवढं ऐकूनही हलत नाही म्हणजे खोट माझ्यातच आहे असं वाटायला लागलं. एका समुपदेशकांकडेही गेलो होतो. माझं बोलणं संपायच्या आत त्यांनी वेळापत्रकाचा छापील कागद पुढे केला. वेळापत्रकं तर माझ्याकडे ढीगभर होती हो, रंगीत पेनांनी आखलेली! फाईल उघडायचा नुसता विचार आला तरी पोटात गोळा यायचा, आणि त्या गोळ्याबद्दल कुणी विचारतच नव्हतं.

तुम्ही विचारलंत.

मी खिडकीजवळच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसतो आणि बंद व्हायच्या वेळेपर्यंत काहीच टाईप करत नाही, हे तुम्ही बघत होतात. एका संध्याकाळी दिवे घालवायला आलात तेव्हा "किती झालं?" हा प्रश्न येणार म्हणून मी तयारीत होतो, तो तर सगळेच विचारायचे. तुम्ही म्हणालात, "कशाची भीती वाटतेय?" आणि मी बोलून गेलो, की गाईडचा मेल आलाय, दुसऱ्या प्रकरणावरच्या कॉमेंट्सचा, आणि तो मी उघडलेलाच नाही, खूप दिवस झाले. हे मी घरीसुद्धा कुणाला सांगितलं नव्हतं. तुम्ही खुर्ची ओढून शेजारी बसलात, चष्मा लावलात आणि विचारलंत, "मी वाचू का आधी? तू बघू नकोस, नुसता बस." लॅपटॉप आपल्याकडे वळवून घेतलात, अख्खा मेल वाचलात, अटॅचमेंटसुद्धा, आणि मग सांगितलंत, "चार गोष्टी आहेत. तीन संदर्भांच्या, त्या आपण इथेच शोधू. चौथी अवघड आहे, तिला वेळ लागेल. आणि शेवटी लिहिलंय की विश्लेषण चांगलं जमलंय."

मॅडम, तुम्हाला कल्पना आहे का, तो मेल मी मनातल्या मनात किती वेळा वाचला होता? न उघडताच. आणि दर वेळी त्यात एकच लिहिलेलं असायचं, की हे तुझ्याकडून होणार नाही. खरा मेल जेमतेम अर्ध्या पानाचा होता. ती भीती तुम्ही पाच मिनिटं स्वतःच्या अंगावर घेतलीत. आणि मला अजून ज्याचं नवल वाटतं ते म्हणजे वाचून झाल्यावर "एवढंच होतं, उगाच घाबरलास" असं तुम्ही म्हणाला नाहीत. कुणीही म्हणालं असतं. ते ऐकलं असतं तर मी हसून मान डोलावली असती आणि पुन्हा टेबलाकडे फिरकलो नसतो. चौथी गोष्ट अवघड आहे हेही तुम्ही लपवलं नाहीत, त्यामुळेच पहिल्या तिन्हींवर माझा विश्वास बसला.

पुढे काम कसं झालं त्याचे तपशील सांगत बसत नाही, ते कंटाळवाणे आहेत. पण दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्या टेबलावर जे प्रिंटआउट ठेवलेत त्यांच्याबद्दल सांगायलाच हवं, कारण माझं काय चाललंय ते मला पहिल्यांदा तिथे कळलं. फ्यूशिया सिरोआ आणि टिमोथी पिचिल या दोन मानसशास्त्रज्ञांचा 2013 चा लेख सगळ्यात वर होता. त्यांचं म्हणणं असं, की चालढकल करणारा माणूस त्या क्षणी आपला मूड सावरत असतो. कामाशी चिकटलेली भीती, कंटाळा, आपण कमी पडू ही शंका नकोशी होते, काम बाजूला ठेवलं की ताबडतोब बरं वाटतं, आणि ते बरं वाटणं हेच बक्षीस ठरून पुढच्या वेळी आपोआप तेच होतं. बिल मात्र उद्याच्या आपल्याला. त्याचंही संशोधन तुम्ही ठेवलं होतंत, टाइस आणि बाउमाइस्टर यांचं 1997 चं. चालढकल करणारे विद्यार्थी सत्राच्या सुरुवातीला इतरांपेक्षा निवांत होते, पण सत्र संपता संपता त्यांचा ताण आणि आजारपण जास्त निघालं, मार्कही कमी. वाचताना वाटलं, माझंच कुणीतरी लिहून ठेवलंय.

पण मी ज्यावर थांबलो तो कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठातला 2010 चा अभ्यास. पहिल्या परीक्षेच्या वेळी चालढकल झाली त्याबद्दल ज्या विद्यार्थ्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेच्या वेळी कमी चालढकल केली. माफ केलं म्हणून! मला तर सगळ्यांनी उलटंच शिकवलं होतं, की स्वतःला सोडलंस तर आणखी बिघडशील. म्हणजे इतकी वर्षं जे टोमणे मारत होते ते त्या आगीत तेलच ओतत होते, कारण लाज वाटली की काम आणखी नकोसं होतं आणि नकोसं झालं की ते पुन्हा टळतं. त्यांनी हे एकदा वाचावं असं मला मनापासून वाटतं.

आणि तुमची ती चिठ्ठी. "लायब्ररी उघडली आणि मी खुर्चीत बसलो, की आधी संदर्भांची फाईल उघडणार." तुम्ही ती माझ्याकडूनच लिहून घेतलीत, कुठे, कधी, काय, असं अगदी नेमकं. पीटर गॉलवित्झर यांनी 1999 मध्ये अशाच 'अमुक झालं की तमुक करायचं' छापाच्या ठरावांवर लिहिलंय हे मला नंतर कळलं. तेव्हा मला फक्त एवढं जाणवलं की सकाळी स्वतःशी भांडण करावं लागत नाहीये. मोटिव्हेशन आलं की बसू, अशी मी वाट बघत होतो ना, तर ते बसल्यावर यायला लागलं, रोज नाही, पण बऱ्याचदा. नैराश्याच्या उपचारांतही हे दिसलंय, नील जेकबसन यांच्या 1996 च्या अभ्यासात नुसतं माणसाला पुन्हा कामाला, हालचालीला लावणं हे पूर्ण विचारपद्धती बदलायच्या उपचाराइतकंच उपयोगी पडलं होतं.

हो, आणि हे राहायला नको. त्याच आठवड्यात तुम्ही सहज विचारल्यासारखं करून विचारलंत, झोप लागते का, पूर्वी जे आवडायचं ते अजून आवडतं का. आणि म्हणालात, या दोन्हीचं उत्तर नाही असेल तर एकदा डॉक्टरांना दाखवून ये, त्यात कमीपणा काही नाही. माझं तसं नव्हतं, पण काहींचं असतं, चालढकलीच्या मागे नैराश्य असतं, एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवणं अवघड जाण्याचा विकार असतो, आणि त्यांना आळशी म्हणत लोक वर्षं वाया घालवतात. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाचं तसं असेल तर प्लीज जाऊन या.

तुमचं काम पुस्तकं देणं आणि परत घेणं. माझ्या गाईडचा मेल वाचणं तुमच्या कामात कुठेच बसत नव्हतं, वेळ संपली होती, तुम्हालाही घरी जायचं होतं. चांगली माणसं अशीच असतात का हो? आपल्या वाट्याचं नसलेलं थोडंसं उचलतात आणि त्याची कुठे नोंद ठेवत नाहीत. मी तरी असं फार कमी पाहिलंय. हुशार माणसं खूप भेटली, सल्ला देणारी तर विचारूच नका, पण शेजारी खुर्ची ओढून बसणारं कुणी नव्हतं.

प्रबंधाची बांधलेली प्रत सोमवारी घेऊन येतोय, लायब्ररीसाठी एक आणि तुमच्यासाठी एक वेगळी. ऋणनिर्देशात माझं नाव घालू नकोस असं तुम्ही दोनदा बजावलं होतंत. मी घातलंय, आणि सगळ्यात आधी घातलंय. रागवायचं असेल तर सोमवारी रागवा, मी ऐकून घेईन.

तुमचा,
खिडकीजवळच्या टेबलावरचा